उजव्या बाजूची तक्रार

१

पेटी रिकामी आहे हे कळलं तेव्हा फेलिसा अबुयेन टेबलाखाली बूट काढून, सुजलेली पावलं एकमेकांवर घासत बसली होती. 'मेरी ऑर्लंड' या लहानशा पर्यटक जहाजाची ती व्यवस्थापक. प्रवाशांच्या खोल्या, जेवणं, रुसवेफुगवे, हरवलेले चष्मे, सगळं तिच्याच गळ्यात. सप्टेंबर सरत आला होता. अलास्काच्या किनाऱ्यावरची ही मोसमातली शेवटची फेरी. आता काही म्हणजे काही घडू नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं. तेवढ्यात डॉक्टर हेस्टर लोवेल दारात येऊन उभ्या राहिल्या. संग्रहालयातर्फे पेटी पोचवायला आलेल्या या बाई एरवी तोलूनमापून वागणाऱ्या, पण आज त्यांनी दारही वाजवलं नव्हतं.

"टोपी नाहीये," त्या म्हणाल्या. "पेटी आहे, पण आत टोपी नाही."

फेलिसानं निमूटपणे बूट चढवले. टोपी म्हणजे कुणाची लोकरीची कानटोपी असती तर ती उठलीही नसती. ही टोपी होती हेरिंग पॉइंट गावातल्या कावळा कुळाची. लाकडात कोरलेला, शिंपल्याचे डोळे बसवलेला कावळा. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा पाहुण्या साहेबानं ती गावातून उचलून नेली आणि ती दूर पूर्वेकडच्या एका संग्रहालयात काचेआड जाऊन बसली. कुळातले लोक पिढ्यान्‌पिढ्या मागत राहिले, संग्रहालय नाही म्हणत राहिलं, आणि शेवटी एकदाचं हो म्हणालं. कुळातले सर्वांत वडीलधारे अमोस विलार्ड स्वतः तिला आणायला गेले. विमानानं यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. गेली समुद्रातून, येईलही समुद्रातूनच, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी जहाज हेरिंग पॉइंटला लागणार होतं. तिथे सगळा गाव धक्क्यावर उभा असणार होता, आणि चुली तर सकाळपासूनच पेटलेल्या असणार.

कॅप्टन टोरलीफनं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. पोलिसांना कळवलं तर जहाज अडकणार, खोल्यांची झडती होणार. शिवाय म्हाताऱ्या अमोसना सगळ्या गावासमोर रिकाम्या हातांनी उतरावं लागणार.

"तू पूर्वी पोलिसात होतीस ना?" त्यानं फेलिसाला विचारलं.

"होते. तेव्हा गुडघे शाबूत होते, कॅप्टन."

"गुडघ्यांनी नाही शोधायचंय. संध्याकाळपर्यंत बघ, नाहीतर मला फोन करावाच लागेल."

२

चोरी कधी झाली, यात शंका नव्हती. सकाळी जहाज स्टॅनहोप हिमनदीपुढे थांबलं होतं. निळी-पांढरी बर्फाची भिंत बघायला झाडून सगळे वर गेले. स्वयंपाकी गेले, खोल्या झाडणाऱ्या मुली गेल्या, अमोससुद्धा काठी टेकत गेले. हेस्टरबाईंनी वर जाण्याआधी पेटी उघडून टोपी पाहिली होती. जेवणानंतर त्यांनी पेटी सहज सरकवली, तर ती हलकी लागली. पेटी ठेवली होती त्या वाचनखोलीत मधल्या वेळात चिटपाखरू नव्हतं.

वर न गेलेली माणसं मोजकीच, आणि त्यांत फेलिसा स्वतः एक. इतक्या वर्षांत तिनं हिमनदी इतक्या वेळा पाहिली होती, की आता तिला त्या बर्फापेक्षा कोपऱ्यातल्या खुर्चीची ओढ जास्त. बर्फाचा कडा कोसळल्याचा गडगडाट झाला तेव्हाही ती मान वर न करता साबणाच्या खोक्यांचा हिशोब लावत होती.

वाचनखोलीत अमोस पेटीशेजारी बसले होते. पेटी हलकी लागली तेव्हाही तिची दोरी नीट बांधलेलीच होती. टोपीभोवती गुंडाळलेलं जुनं घोंगडंही टोपीबरोबर गेलं होतं. फेलिसा त्यांच्या शेजारी टेकली.

"तू गरुडाकडची ना?" अमोसनी विचारलं.

"आईकडून. वडील फिलिपिनो, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात होते."

"मग गरुडाकडचीच." इथं कूळ आईकडून येतं, त्यामुळे त्यांच्या लेखी प्रश्न मिटला. कावळा आणि गरुड या दोन बाजू. एकीकडे जड प्रसंग आला की दुसरीनं खांदा द्यायचा, अशी रीत. "आमच्यावर वेळ आली आहे. तू बघ आता."

मग ते टोपीबद्दल बोलू लागले. आज रात्री ती कुणाच्या हवाली करायची, हे सगळ्यांसमोर जाहीर व्हायचं होतं. मामाकडून भाच्याकडे जायची गोष्ट ती. त्यांच्या बहिणीचा मुलगा डेल्बर्ट याच जहाजावर छोट्या होड्या सांभाळतो. तोच उद्यापासून टोपीचा धनी, कुळाचा बोलणारा माणूस. पोरगं मधे दारूत वाहवलं होतं, पण आता सावरलंय, असं सांगताना म्हाताऱ्याचा आवाज जरा वर चढला. पोरगं पन्नाशीचं होतं.

हरवलेल्या वस्तू फेलिसानं जन्मभर शोधल्या होत्या. पण हरवलेली वस्तू सापडून घराच्या उंबरठ्यावर पुन्हा हरवावी, हे तिला सहन होण्यापलीकडचं वाटलं.

३

पहिला संशय साहजिकच रॉस्को टिलमनवर. टेक्सासचा हा गृहस्थ जुन्या वस्तू जमवायचा आणि काल रात्री जेवताना त्यानं हेस्टरबाईंना सगळ्यांदेखत विचारलं होतं, की टोपी विकत मिळेल का. अमोस समोर बसलेले असताना.

टिलमन आपल्या खोलीत पाय पसरून बसला होता. टोपी गेल्याचं ऐकून त्याला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. त्याला स्वतःचं दुःख होतं.

"बाई, मी खोली सोडलीच नाही. माझी खोली उजव्या बाजूला. जाहिरातीत काय लिहिलंय, खिडकीतून हिमनदी बघा. मी बघत बसलो. काय दिसलं? खडक. एक काळा, ओला, थोराड खडक. सगळी मजा डाव्या बाजूच्यांनी मारली."

फेलिसा सवयीनं "हो हो, समजू शकते" म्हणाली.

"आणि हे तुम्ही मला सकाळीच फोनवर चार वेळा म्हणालात."

ते मात्र खरं होतं. त्या तासाभरात टिलमननं तिला सारखे फोन केले होते. खिडकीबद्दल, कॅप्टनबद्दल, पैसे परत देण्याबद्दल. तिनं फोन खांद्याला दाबून साबणाची खोकी मोजता मोजता हुंकार भरले होते. तो नेमकं काय बडबडत होता ते तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पण फोन त्याच्या खोलीतूनच आला होता हे नक्की. म्हणजे त्याची साक्षीदार ती स्वतःच, आणि तो सुटला. तिला थोडं वाईटच वाटलं. तिला टिलमनच हवा होता.

हेस्टरबाई डाव्या कठड्याशी उभ्या होत्या. अर्ध्या प्रवाशांच्या फोटोंत त्यांचा लाल रुमाल दिसत होता. तरी त्यांनी न विचारताच एक गोष्ट कबूल केली. संग्रहालयात टोपी परत द्यायला ज्यांनी विरोध केला, त्यांत त्या पुढे होत्या.

"मला वाटायचं, इथं तिला कोण जपेल. आता तुम्ही माझ्यावरच संशय घ्याल."

"घेतला असता. पण तुम्ही फोटोत आहात."

"एक सांगू? ज्यानं नेली त्यानं तिला गुंडाळून नेली. चोर घाईत असतो. तो वस्तू उचलतो, पांघरूण नाही. आणि जाताना पेटीची दोरी बांधत तर मुळीच नाही."

फेलिसानं मान हलवली. तिच्याही मनात तेच घोळत होतं. वाईट हेतूच्या माणसाचा माग काढायची तिला सवय होती. चांगल्या माणसाचा माग काढायचं तिच्या जिवावर आलं.

४

डेल्बर्ट मागच्या डेकवर होड्यांवर ताडपत्री ताणत होता. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, पाण्यात पडलेल्या प्रवाशालाही न रागावता वर ओढणारा माणूस. त्यानं बसायला उलटं पिंप पुढे सरकवलं आणि स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली.

"बस, फेलिसाताई. तुझे गुडघे इथवर ऐकू येतात."

"तुला कळलं ना?"

"कळलं. मामा कसा आहे?"

"बसलाय पेटीपाशी. तू तिकडे गेलास का?"

गेला नव्हता. होड्यांचं काम होतं, म्हणाला. सकाळचं विचारलं तेव्हा त्यानं न अडखळता सांगितलं. पाण्यात बर्फाचा चुरा फार होता म्हणून कॅप्टननं होड्या उतरवू दिल्या नाहीत. त्यामुळे हा मोकळाच होता. इथेच, उजव्या कठड्याला टेकून उभा होता.

"आधी नुसता खडकच होता समोर. मग कॅप्टननं जहाज फिरवलं आणि सगळी भिंत पुढ्यात आली. तेवढ्यात तो मोठा कडा कोसळला. डोळ्यांदेखत. एवढी वर्षं झाली, तरी पोटात धस्स होतं बघ."

फेलिसाला त्याचं बोलणं ऐकून बरं वाटलं. एवढ्या वर्षांनीही कुणाला तरी धस्स होतंय. तिनं कॉफी संपवली. नाव जाहीर होणार म्हणून टेन्शन आलंय का, असं तिनं सहज विचारलं. डेल्बर्ट ताडपत्रीची गाठ आवळत राहिला.

"त्या टोपीला चांगला माणूस मिळायला हवा," तो म्हणाला.

ती उठून आत आली. तिला वाटलं, मामाबद्दल याला किती वाटतं. आणि तिथेच तिची चूक झाली. दमलेल्या माणसाला जे ऐकून बरं वाटतं ते तो तपासून बघत नाही.

५

चार वाजता कॅप्टननं तिला निरोप पाठवला. उजव्या बाजूचे प्रवासी फार कुरकुर करतायत, ध्वनिक्षेपकावरून त्यांची माफी माग आणि संध्याकाळी त्यांना एकेक पेय फुकट दे. टिलमननं सगळ्यांना चेतवलं असणार. फेलिसानं कपाळाला हात लावला, माईक हातात घेतला आणि वर्षानुवर्षं घोटलेल्या गोड आवाजात सुरुवात केली.

"मेरी ऑर्लंडच्या सन्माननीय प्रवाशांनो, दर फेरीत आपण हिमनदीसमोर जहाज पूर्ण फिरवतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांना सारखं दर्शन घडतं. आज सकाळी मात्र पाण्यात बर्फ दाट असल्यामुळे कॅप्टनना जहाज फिरवता आलं नाही, आणि..."

पुढचं वाक्य आलंच नाही. साऱ्या जहाजभर नुसती खरखर ऐकू येत राहिली. जेवणघरातल्या मुलीला वाटलं, बाईंना चक्कर आली.

फेलिसानं माईक ठेवला. जहाज फिरलंच नव्हतं. टिलमन तिच्या कानाशी सकाळभर हेच ओरडत होता आणि तिनं साबण मोजला होता. कॅप्टन डावी बाजू बर्फाकडे करून उभा राहिला आणि आल्या वाटेनं मागे निघाला. उजव्या कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला खडकाखेरीज काही दिसणं शक्य नव्हतं.

नव्या प्रवाशानं असली थाप मारली नसती. त्याला फिरवण्याची पद्धतच ठाऊक नसते. दर आठवड्याला, सालोसाल, जहाज फिरताना पाहिलेल्या जुन्या माणसालाच न बघता सांगता येतं, की जहाज फिरलं असणार. तो आत होता. कडा कोसळल्याचा आवाज त्यानं भिंतीआडून ऐकला आणि बाकीचं सवयीनं भरून टाकलं. तिनंही सवयीनंच ते खरं मानलं.

झडती घ्यायची गरज तिला वाटली नाही. ज्यानं टोपी घोंगड्यात गुंडाळून नेली, तो तिला खालच्या गोदामात ठेवणार नाही. जिथे लोकांच्या पायाखाली येईल तिथे तर नाहीच. ती जिना चढून वर गेली, सगळ्यात वर, सुकाणूखोलीच्या मागे. तिथे जादा झेंड्यांची लाकडी पेटी असते. तिच्यावर मग फक्त आभाळ. शेवटच्या पायरीवर तिला धाप लागली.

डेल्बर्ट त्या पेटीवर बसला होता.

"खरखर ऐकली," तो म्हणाला. "तेव्हाच कळलं."

६

तिनं त्याच्यावर आवाज चढवला नाही. तेवढं बळच नव्हतं. त्याच्या शेजारी बसून तिनं एकच विचारलं, कुणाला विकणार होतास का. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला विचारल्याची लाज वाटली.

"ती मी मामाच्या घरी ठेवून देणार होतो. रात्री उशिरा. लोक पांगल्यावर."

"म्हणजे आज जाहीर होऊ नये म्हणून."

"मी दमलोय, ताई." तो वाऱ्याकडे तोंड करून बोलत होता. दारू सोडून कसाबसा माणसांत आलो, म्हणाला. इथे बरं आहे. दोर दे म्हटलं की दोर देतो, होडी उतरव म्हटलं की उतरवतो. त्यापलीकडे कुणी काही विचारत नाही. टोपी घेतली की जहाज सुटणार. गावात राहायचं, मयतीला उभं राहायचं, भांडणं सोडवायची, चारचौघांत बोलायचं. ज्या लोकांनी त्याला धक्क्यावर ओकताना पाहिलंय त्यांच्याचपुढे. "ज्या दिवशी मी पुन्हा पिईन, त्या दिवशी ती टोपी माझ्या घरात असेल. हे मला नकोय. शंभर वर्षं थांबली ती. माझ्यासाठी नाही थांबली."

फेलिसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची कीव आली म्हणून नाही. तो म्हणाला त्यातला शब्द न् शब्द तिला स्वतःबद्दल म्हणता आला असता. फक्त तिला कुणी टोपी देत नव्हतं.

"मामाला तू सांगणार, की मी सांगू?"

"मीच सांगतो," तो म्हणाला, आणि बराच वेळ उठला नाही.

वाचनखोलीत त्यानं घोंगड्यासकट टोपी पेटीत ठेवली आणि मामापुढे उभा राहून सगळं सांगितलं. मघाशी फेलिसाला सांगितलं त्याहूनही थोडक्यात. अमोस काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून ऐकत राहिले. हेस्टरबाई उठून बाहेर जायला निघाल्या, तर डेल्बर्टनं त्यांना थांबवलं. तुमच्यावर आळ आला असता, माफ करा, म्हणाला.

अमोस बोलले तेव्हा त्यांचा आवाज रागाचा नव्हता, फक्त थकलेला होता.

"तू दमलायस. आणि मी काय ताजातवाना आहे?"

"मामा, दुसरा कोणी बघ."

"बघितला. तुला काय वाटलं, मी डोळे झाकून तुझं नाव घेतलं? तुझ्यापेक्षा बरा कोणी असता तर त्याला दिली असती. एक फार बोलतो. एक बोलतच नाही. एकाला ती भिंतीवर टांगायचीय. तुझा मोठा भाऊ असता तर तुझ्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. तो बुडाला. तू उरलायस." म्हातारा दम खायला थांबला. "मला नव्वदीत जाताना विमानतळावर बूट काढायला लावले रे, या टोपीपायी. आता मला झोपू दे."

डेल्बर्टचा चेहरा वेडावाकडा झाला. तो हसतोय की रडतोय, हे फेलिसाला कळेना. त्यालाही ते ठाऊक नसावं.

"आणि पुन्हा प्यायलो तर?"

"तर हिची माणसं येतील आणि तुला बदडतील," अमोसनी फेलिसाकडे बोट दाखवलं. "गरुडाकडच्यांचं कामच आहे ते."

कॅप्टनला फेलिसानं एवढंच सांगितलं, की टोपी जहाज सोडून गेलीच नव्हती, कुणी तरी काळजीपोटी वर नेऊन ठेवली होती. टोरलीफनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, डेल्बर्ट आज दोर टाकणार नसेल तर मला आधी सांगायला हवं होतं. सुकाणूखोलीची भिंत पातळ असते, मागचं बोलणं आत ऐकू येतं.

संध्याकाळी पाऊस भुरभुरत असताना जहाज हेरिंग पॉइंटच्या धक्क्याला लागलं. सगळं गाव उभं होतं, पण कुणीच पुढे आलं नाही. बाहेरून येणाऱ्यानं आधी आपण कोण ते सांगायचं, मग किनाऱ्यानं बोलवायचं, ही तिथली रीत. पायऱ्यांच्या तोंडाशी फेलिसा पेटी धरून उभी होती. पेटी जड होती आणि गुडघे तर बोलतच होते. शेजारी अमोस, त्यांच्या पुढे डेल्बर्ट.

धक्क्यावरच्या एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "कोण आलंय?"

अमोस गप्प राहिले. ते मुद्दाम गप्प राहिलेत, हे फेलिसाच्या लक्षात आलं. डेल्बर्टनं मान वळवून मामाकडे पाहिलं. मामा पाण्याकडे बघत होता. वेळ जात राहिला. गर्दीत कुणी तरी खोकलं, कुणी कुजबुजलं. फेलिसाला वाटलं, आता हा वळणार आणि होड्यांकडे निघून जाणार. तिनं पेटी छातीशी घट्ट धरली.

मग त्यानं टोपीबिपी काही न म्हणता आधी आपल्या आईचं नाव घेतलं. ते पुढच्या रांगेपलीकडे पोचलं नाही. त्यानं पुन्हा घेतलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मामाचं, मग मामाच्या मामाचं, आणि तिथून मागे मागे, त्या माणसापर्यंत ज्याच्या डोक्यावर ही टोपी शेवटची होती. सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव.

"मी डेल्बर्ट," तो म्हणाला. "आम्ही हिला घरी आणलंय."

धक्क्यावरची बायामाणसं रडू लागली. अमोसनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. म्हातारीनं शालीचं टोक नाकाला लावलं आणि घसा खाकरला.

"मग या की वर," ती म्हणाली. "जेवण निवतंय."